शब्दकोशाच्या पाठीतली चार पाने

मी, खाली सही करणारा, धंद्याने पुस्तकांचा बाइंडर, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे. दोन प्रती घेतल्या, एक हरवली तर पंचाईत नको. यापूर्वी तीन मृत्युपत्रे लिहून फाडली आहेत. त्यांचा एखादा तुकडा कपाटामागे सापडलाच तर तो रद्द समजावा.

एक. राहते घर सामानासकट माझ्या एकुलत्या लेकीचे. मोरीचा नळ घट्ट पिळू नये, आटे गेले आहेत. बाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून पाहावे. बँकेतले जे असेल तेही तिचेच.

दोन. गाळ्यातला पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा, दाभणे, पुठ्ठा कापायची सुरी आणि खळीची पातेली धाकट्या भावाला, कारण धंदा आता तोच पाहतो. लंगडे स्टूलही त्यालाच. एका संध्याकाळी त्यावर बसून तो माझ्या बायकोला हसला होता. मी ते विसरलेलो नाही.

तीन. अक्षरांचा खेळ, पट आणि थैलीसह, लेकीला परत. पहिल्या पगारातून तिनेच तो आम्हाला आणला होता. लाकडी चौकोनांवरची इंग्रजी अक्षरे जुळवून पटावर शब्द मांडायचे, अवघड अक्षराला जास्त गुण. बायको मॅट्रिक होती, मी रोज हरायचो. मग एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला जाडा इंग्रजी शब्दकोश मी नव्याने बांधला आणि त्यातून झेड, क्यू, एक्स आणि जे ही अक्षरे असलेले शब्द चार वह्यांत उतरवले. अक्षर सुरुवातीला असलेले वेगळे, मधले वेगळे, शेवटचे वेगळे. अर्थ पाहिला नाही.

ती म्हणायची, "अहो, मांडलात खरा, पण याचा अर्थ काय?"

मी म्हणायचो, "अर्थाला गुण नाहीत. पुढे खेळ."

हरेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा करायचा, हा आमचा नियम. वह्या असूनही अकरा वर्षे बहुतेक चहा मीच केला.

चार. हे कलम लेकीने बसून वाचावे.

शेवटच्या वर्षी तुझी आई विसरू लागली. किल्ली, चष्मा, एकदा गॅस. डॉक्टर म्हणाले, वय झाले. ती घाबरली होती, पण मला म्हणाली, "शब्द येतायत ना मला? मग मी अजून आहे."

त्या संध्याकाळी तिने 'क्वार्ट्झ' मांडला. चोवीस गुण. मी क्यूची वही पाहिली, त्यात नव्हता.

"असा शब्दच नाही."

"आहे हो. त्या घड्याळावर बघा की, तबकडीवरच लिहिलाय."

"ते कंपनीचं नाव आहे. नावं चालत नाहीत."

"शाळेत शिकलेय मी तो."

मी शब्दकोश उघडून तिच्यापुढे धरला. तिने बोट फिरवत दोनदा पाहिले. तुझा काका स्टुलावरून हसला, "वहिनी, आता घरातच शब्द पाडायला लागलात!" मीही हसलो. हे लिहायला मला चार मृत्युपत्रे लागली.

ती म्हणाली, "नसेल. मलाच वाटलं असेल." अक्षरे उचलून थैलीत टाकली आणि पुन्हा कधी थैली उघडली नाही. त्यानंतर कोणताही शब्द बोलायच्या आधी ती माझ्याकडे बघायची, "बरोबर आहे ना हो?" मी तुला फोनवर सांगितले की आईला आता शब्दही उरले नाहीत. मग तू तिच्याशी लहान मुलीशी बोलावे तसे बोलू लागलीस. त्यात तुझी चूक नाही. आठ महिन्यांनी ती गेली.

यंदा ते घड्याळ बंद पडले. घड्याळजीला मी विचारले, "ही कंपनी अजून आहे का?" तो म्हणाला, "कंपनी कसली, काका! क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचा खडा. आत असतो, त्याच्यावर घड्याळ चालतं."

घरी येऊन शब्दकोश पाहिला. शब्द नव्हताच. मग मी ते केले जे बांधणीआधी करायचे असते, जे मी आयुष्यभर शिकाऊ पोरांना कान धरून शिकवले. पानांचे आकडे जुळवले. क्यूच्या मधोमध चार पाने नव्हती. त्याच पानांतला 'क्वीन' मला पत्त्यांमुळे येत होता, म्हणून तोही कधी शोधला नव्हता.

पुस्तकाच्या पाठीला मजबुतीसाठी रद्दी कागद चिकटवतात. मी पाठ ओली करून सोलली. मधला सुटा ताव मी रद्दी समजून, उभा कापून, खळ लावून तिथेच चिकटवला होता. बरेच शब्द अर्धे कापले गेले आहेत. तो मात्र पूर्ण आहे.

पाच. सोललेला शब्दकोश पुन्हा कोणी बांधू नये, भावाने तर हातही लावू नये. तो लेकीने ठेवावा. राहिलेले शब्द मी वाचनालयात बसून क्यूच्या वहीत शेवटी उतरवले आहेत, या वेळी अर्थासह. लेकीने काकाला कलम चार मोठ्याने वाचून दाखवावे.

सहा. त्या शेवटच्या डावाचा कागद पटाच्या खोक्यात आहे. त्यावर मी सतरा गुणांनी जिंकल्याचे लिहिले आहे. ते मी रद्द करतो. तिचे चोवीस धरले तर ती सातने जिंकली. त्याखाली मी सही केली आहे. लेकीनेही करावी.

दुसऱ्या दिवशी हरली म्हणून चहा तिने केला होता. कप पुढे ठेवून तिने विचारले, "साखर घातली ना हो मी?" घातली होती. मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "बघ की पिऊन."

तो चहा करायची पाळी माझी होती.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
तारीख: अकरा, महिना सातवा, ती गेल्याचे चौथे वर्ष

सही: बाइंडर

वरील सही आमच्यासमोर झाली. लिहून देणार पूर्ण शुद्धीत होते, मध्ये दोनदा थांबले.
साक्षीदार पहिला: घड्याळजी, कोपऱ्यावरचे दुकान
साक्षीदार दुसरी: वाचनालयातल्या बाई