नालछ्याची नऊ सेकंदं

व्हिडिओ कॅमेरा १९९४ साली इंदुरास अठरा हजारांना घेतला, असे मी सर्वांस सांगत आलो. तेवढ्यावर भागले नाही. त्यापायी बायकोचा आवाज गेला, हे मात्र कुणाला सांगितले नव्हते.

मी, चिंतामणी विष्णू निगुडकर, वय ७८, राहणार देवास, विजेच्या मोटारी दुरुस्त करणारा, डोके ठिकाणावर असताना व कुणी भरीस न घालता हे लिहून ठेवतो. नात ईशानीला मराठी वाचणे जड जाते. तिला वाचून दाखवावे.

१. घर माझ्या कमाईचे. मुलगा रत्नाकर व मुलगी कल्पना यांना निम्मे-निम्मे. मधे भिंत घालायची झाल्यास माझी तेरवी उरकल्यावर घालावी.

२. दुकान व हत्यारे रत्नाकरला. खरी पुंजी माझे कान, ते देता येत नाहीत. कुठले बेअरिंग गेले ते मी रस्त्यावरून ऐकून सांगत आलो. कान आजवर एकदाही चुकला नाही.

३. कॅसेटी एकतीस. सगळी कापाकापी मी कॅमेऱ्यातच केली. नको तो भाग आला की कॅसेट मागे घ्यायची आणि त्यावरच पुढचे चित्र घ्यायचे. मग एक बटण दाबून चित्रावर आपले निवेदन भरायचे. खालचा मूळ आवाज त्याने पुसला जातो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. सरला म्हणायची, "अहो, बारसं नातीचं, आणि बोलताय तुम्हीच. मला मधे एक वाक्य तरी टाकू द्या." मी हसायचो. ती जाऊन सात वर्षे झाली. एकतीसही कॅसेटी ऐकल्या. सगळीकडे मीच सांगतो आहे, "आता सरला पुऱ्या वाढत आहे." या कॅसेटी कुणालाही देऊ नयेत. माझ्याबरोबर जाळाव्यात.

४. कॅमेरा जावई अक्षत यांना, सोनकच्छला. ते म्हणाले होते, "बाबा, आधी कम्प्यूटरमध्ये उतरवून घेऊ, मग काय कापायचं ते कापा." मी म्हणालो, "कापायला अक्कल लागते, कम्प्यूटर नाही." त्यावरून वीस वर्षे त्यांच्याशी कामापुरते बोललो. तो राग मागे घेतो. उशीर झाला आहे.

५. सरला गेली तेव्हा ईशानी अगदी लहान होती. तिने विचारले, "आबा, आजी की आवाज़ कैसी थी?" मला सांगता येईना. मग कॅमेऱ्यातच अडकलेली बत्तिसावी कॅसेट निघाली. मांडवगडला जाताना वाटेत नालछ्याला भुट्टे घ्यायला थांबलो होतो, बॅटरी संपली आणि कापाकापी राहून गेली. चित्रात नुसती शेगडी आहे. बाईचा आवाज येतो, "गरम आहेत तोवर खा, नंतर चामट होतात." नऊ सेकंदं. ही सरला. गेल्या महिन्यापासून रोज ऐकतो. दुसऱ्या कशासाठी सकाळी उठत नाही. ही कॅसेट ईशानीला.

६. पुढे कुणी शंका घेऊ नये म्हणून दोन्ही साक्षीदारांनी ती कॅसेट ऐकून, आवाज कुणाचा ते सहीपाशी आपल्या हाताने लिहावे. साक्षीला शेजारी रघुजी, आणि नालछ्याला आमच्याबरोबर होती म्हणून सरलेची धाकटी बहीण पार्वती. दोघांना यातून काही मिळत नाही.

देवास, ९ नोव्हेंबर २०२४
चिंतामणी विष्णू निगुडकर

साक्षीदार १: रघुजी. कॅसेट ऐकली. चिंतामणराव म्हणतात त्याअर्थी वहिनींचाच आवाज असणार.

साक्षीदार २: पार्वती. ऐकली. भाऊजी, हा आवाज माझा आहे. ताई तेव्हा जीपमध्ये झोपली होती.