आतली खोली आता तुमची

बाबा,

कॉलेजची बस गाठायचीय, म्हणून घाईत लिहितेय. माझं सामान स्वयंपाकघरात आणलंय आणि तुमच्या दोघांच्या गाद्या आतल्या खोलीत नेल्यात. शेजारच्या सुतारकाकांनी माझ्या पलंगाला फळ्या जोडून तो दोघांपुरता रुंद करून दिलाय. आता तो दारातून बाहेर निघत नाही, तेव्हा उगाच ओढाताण करू नका. आईवरही डाफरू नका, तिलाही हे घरी आल्यावरच कळेल.

परवा वेल्डिंगच्या कामावरून आलात आणि खाली गादीवर बसताना तुम्ही भिंत धरलीत. मग आईला हळूच म्हणालात, "तिला कळू देऊ नकोस, परीक्षा आहे तिची." बाबा, आपलं दार पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं. मी शाळेत होते तेव्हापासून तुम्ही दोघं ओट्याजवळ फरशीवर झोपताय, मला खिडकीपाशी अभ्यास करता यावा म्हणून. विचारलं की म्हणता, "आम्हाला इथंच गार वाटतं." ऐन थंडीतसुद्धा?

अभ्यास बुडेल म्हणाल, तर तो बुडणार नाही. ओट्यावर पुस्तकं ऐसपैस मावतात. आणि तरी नापास झालेच, तर पुन्हा बसेन परीक्षेला. तुमची पाठ मात्र मला दुसरी आणता येणार नाही.

रागवा, अबोला धरा, चालेल. आजवर तुमचं सगळं ऐकलं, हे एक ऐकणार नाही. मी परत येईन तेव्हा तुम्ही खिडकी उघडी टाकून, पाय सरळ पसरून पडलेले दिसला पाहिजेत.

तुमचीच, म्हणूनच इतकी हट्टी