प्रल्हादाला खाली उतरवण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. अवकाश-वापर परवानगी अधिकारी,
एक खिडकी कक्ष (मैदाने व त्यांवरील आकाश),
कल्याण.

विषय : अर्धवट राहिलेले आख्यान त्याच मैदानात एक संध्याकाळ पूर्ण करू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपली मैदानबंदीची नोटीस. २) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची पोच आहे, उत्तर नाही.

अर्जदार : महिपत गोविंद शेलवले, सचिव, नादश्रवण कीर्तन मंडळ, टिटवाळा (पूर्व).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे कळवितो की, अर्जदार सेवानिवृत्त असून पाणीटंचाईला कंटाळून दिवा गाव सोडून टिटवाळ्यास राहावयास आला. इथे पाणी आहे असे त्यास सांगण्यात आले होते. ते नसले तरी कीर्तन आहे, या समाधानावर तो व त्याची पत्नी शेवंती आनंदात आहेत. मंडळाचा कीर्तन सप्ताह दरवर्षी बाळकोबा मैदानात होतो आणि त्याबद्दल आजवर कोणाची तक्रार नाही. एक तक्रार होती, ती आवाज लहान असल्याची, आणि ती मागच्या रांगेतल्या बायकांची होती.

यंदा सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी ह.भ.प. गुरुदत्तबुवांचे कीर्तन होते. त्याच दिवशी परिसरातील एका लोकप्रिय नेत्यांचा वाढदिवस होता. त्यांच्या अध्यात्म आघाडीने लहान विमानातून कीर्तनावर पुष्पवृष्टी करण्याचे ठरविले. त्यांच्याच युवा आघाडीने शेजारच्या मैदानात पॅराशूटवाले उतरविण्याचे ठरविले. दोन्ही आघाड्यांचे आपसांत बोलणे नाही, हे सर्व टिटवाळ्यास ठाऊक आहे. आपल्या कक्षास ठाऊक नसावे, कारण त्याच आकाशाची त्याच वेळेची परवानगी आपल्या एकाच खिडकीतून दोघांसही मिळाली, एकास जेवणाच्या सुट्टीआधी व दुसऱ्यास सुट्टीनंतर. याबाबत अर्जदाराने खिडकीवरील वैशाली मॅडम यांना आदरपूर्वक विचारले असता त्या म्हणाल्या, "काका, एक फाइल धार्मिकची, एक क्रीडाची. आकाश एकच असेल, पण त्याची फाइल कुठेय?" मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत, त्यांनी अर्जदारास बसायला खुर्ची दिली, त्यांच्यावर कारवाई होऊ नये.

आता गोलाविषयी. आपल्या नोटिशीत "मंडळाने मैदानात अनधिकृत उतरण-खूण काढली" असे म्हटले आहे. वस्तुस्थिती अशी की, ती सुदर्शनचक्राची रांगोळी होती. मंडळातील ऐश्वर्या व तिच्या मैत्रिणींनी ती सकाळपासून पाठ मोडून काढली होती व विमानातून दिसावी म्हणून मुद्दाम मोठी काढली होती. पॅराशूटवाल्यांकरिता शेजारच्या मैदानात फक्कीचा पांढरा गोल आखावयाचा होता. ते काम घेतलेले कमलेश नावाचे गृहस्थ फक्कीचे पोते घेऊन आले, त्यांनी आमची रांगोळी पाहिली आणि म्हणाले, "गोल तर झालाय की. ह्याच्यापुढे माझा काय शोभणार?" पोते ठेवून ते कीर्तनास बसले. त्यांना बसा म्हणणारा अर्जदारच होता, हे तो नाकारत नाही. कीर्तनाच्या दारात आलेल्या माणसाला तुझे काम काय असे विचारायची आमच्यात पद्धत नाही, आधी बुक्का लावतात. परिणामी वरून पाहणाऱ्या सर्वांना एकच गोल दिसला. फुलांच्या विमानाला तो पुष्पवृष्टीचा वाटला, पॅराशूटवाल्यांना आपला वाटला, आणि सर्वजण शिस्तीने त्याच्याकडे निघाले.

त्या वेळी कीर्तनात काय चालू होते, हे या अर्जाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पूर्वरंग झाला होता. मध्यंतरात बुवांच्या गळ्यात हार पडला होता, आणि हार पडला की आख्यान संपवूनच तो उतरतो, ही चाल आहे. आख्यान प्रल्हादाचे होते. हिरण्यकश्यपूच्या सेवकांनी बाळाला कड्यावर नेले, ढकलले, पेटी थांबली, तबला थांबला, आणि बुवांनी दोन्ही हात वर करून हलक्या आवाजात विचारले, "आता या लेकराला झेलणार कोण?"

महोदय, मांडवात श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात विमान ऐकू आले.

वर जे झाले ते अर्जदाराने मांडवाच्या कडेवरून स्वतः पाहिले. उघडलेल्या छत्र्या खाली येत होत्या आणि विमान सरळ त्यांच्यात शिरत होते. दोन छत्र्यांच्या मधून ते असे गेले की सुईत दोरासुद्धा इतका नीट जात नाही. वैमानिकाने ऐनवेळी पंख तिरका केला म्हणून सगळे वाचले, त्या भल्या माणसाचे कल्याण होवो. सर्व फुले मात्र शेजारच्या गृहसंकुलाच्या स्विमिंग पुलात पडली. जाहिरात निघाल्यापासून त्या पुलात पडलेली, पाणी धरूनसुद्धा, ही पहिलीच वस्तू होय. वाऱ्याच्या झोताने एक छत्री मिटली आणि तिच्याखालचा मुलगा, ठाण्याच्या पाचपाखाडीतला नील, थेट मांडवावर आला. कापड पोटासारखे खाली आले, टरकले, पण त्याला धरून राहिले, आणि खाली उभ्या राहिलेल्या माणसांनी त्याला हातोहात उतरवून घेतले. त्यास खरचटण्यापलीकडे इजा नाही. वयोवृद्ध श्रोत्या सुमतीआजी यांनी "आलास रे बाळा" म्हणून त्याच्या हातावर साखरफुटाणे ठेवले. त्यानंतर पोलीस आले, पिवळी पट्टी आली, आणि आख्यान तिथेच राहिले.

पंचनाम्यासाठी आपल्या कक्षाचे श्री. आनंद आले होते. घटनेच्या वेळी हवेत कोण कोण होते, असे त्यांनी सुमतीआजींना विचारले. आजी खोटे बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "विमानातलं मला दिसलं नाही. प्रल्हाद होता. कड्यावरून सुटला, तो खाली आलेला मी पाहिला नाही." श्री. आनंद यांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले. सबब, चौकशीच्या कागदांत "प्रल्हाद हिरण्यकश्यपू, वय लहान, खाली आल्याची नोंद नाही" असे नाव लागले आहे, आणि हवेतील सर्वांचे जबाब झाल्याशिवाय चौकशी मिटणार नाही, असे आपले पत्र आहे. प्रल्हाद अल्पवयीन असल्याने त्यास वडिलांसोबत हजर करावे, असेही त्यात आहे. वडिलांनीच त्याला ढकलायला लावले, हे अर्जदाराने खिडकीवर सांगितले असता, तो कौटुंबिक विषय असून वेगळ्या कक्षाकडे अर्ज करावा, असे समजले. त्या कक्षाने वडिलांचा पत्ता मागितला आहे.

अर्जदाराने आख्यान निदान सोसायटीच्या गच्चीवर उरकण्याचे ठरविले होते. तेव्हा आपली पुरवणी नोटीस आली की, सदर आख्यान पुराव्याचा भाग असल्याने चौकशीअखेर ते अन्यत्र सादर करू नये. म्हणजे प्रल्हाद खाली आल्याशिवाय चौकशी संपत नाही, आणि चौकशी संपल्याशिवाय प्रल्हादाला खाली येता येत नाही. नारायणाने खांबातून प्रकट होऊन असले पेच सोडविले आहेत, परंतु आपल्या कार्यालयात खांब नाही, सगळी पार्टिशने प्लायवूडची आहेत.

इथवर महोदयांस हसू आले असल्यास अर्जदाराचा राग नाही. आता जे लिहितो ते मात्र हसण्याचे नाही. गुरुदत्तबुवांच्या घशात गाठ आहे. शस्त्रक्रिया लांबवू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे, आणि नंतर आवाज राहील याची हमी दिलेली नाही. बुवा तयार होत नाहीत. हार अजून त्यांच्या गळ्यात आहे. फुले केव्हाच गळून गेली, नुसता दोरा राहिला आहे, तो ते आंघोळीलाही काढत नाहीत. त्यांच्या सूनबाई ऋजुता अर्जदाराकडे येऊन रडल्या. अर्जदार बुवांची समजूत घालायला गेला, तर बुवा एवढेच म्हणाले, "महिपतराव, लेकरू वाऱ्यावर सोडून मी टेबलावर निजू होय?" या माणसाने जन्मभर लोकांना तारणाऱ्याची गोष्ट सांगितली आहे. त्याच्या आवाजातली ती शेवटची गोष्ट पडण्यावर थांबू नये, एवढीच अर्जदाराची तळमळ आहे.

आणखी एक. नील मधूनमधून ठाण्याहून येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मांडवाचे कापड शिवून देण्याबद्दल बोलला, मग घुटमळला आणि विचारले, "काका, तो मुलगा वाचतो ना?" त्याच्या घरी ही गोष्ट कोणी सांगितलेली नाही. अर्जदाराच्या ओठावर उत्तर आले होते, पण पुराव्याची नोटीस आठवून तो गप्प राहिला. त्या दिवसापासून अर्जदारास स्वतःची लाज वाटते.

तरी विनंती की, बाळकोबा मैदानातील पिवळी पट्टी एका संध्याकाळपुरती सोडावी. विमान, फुले, छत्र्या, पाहुणे, सत्कार, काहीही नको. रांगोळी या वेळी लहान काढू. आपण स्वतः श्री. आनंद यांना घेऊन पहिल्या रांगेत बसावे. बुवा प्रल्हादाला आपल्यासमक्ष खाली उतरवतील, तेव्हा त्याचा जबाब नोंदवून फाइल तिथेच मिटवावी. वैशाली मॅडमनाही आणावे, त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आहे.

महोदय, नीलला झेलताना कोणाची परवानगी लागली नाही. कापड बांधलेले होते आणि खाली माणसे उभी होती. प्रल्हादासाठीही तीच माणसे उभी आहेत. फक्त आपली सही लागते आहे.

आपल्या उत्तराकडे हात वर करून उभा असलेला,
आपला नम्र,
महिपत गोविंद शेलवले
टिटवाळा, दि. १० फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) दोन्ही नोटिशींच्या प्रती.
२) डॉक्टरांची चिठ्ठी.
३) बुक्क्याची पुडी (पाकीट सांभाळून उघडावे, आधीच्या अर्जाच्या वेळी सांडला होता).
४) मांडवाच्या कापडाचा तुकडा. पाहून परत करावा, नील शिवायला बसला आहे.