मनोऱ्याच्या तळाशी

पिस्कॅटवे, १६ ऑगस्ट

प्रिय उल्के,

रोज व्हॉट्सॲपवर बोलणारी मी आज ईमेलने एवढं लांबलचक पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. आश्लेषाची खोली तयार आहे. पडदे लावले, टेबल आमच्या सुशांतरावांनी जोडलं. एक स्क्रू उरला, तो कुठला हे विचारायचं नाही. युनिव्हर्सिटीची बस कोपऱ्यावर थांबते. पुढच्या शनिवारी तुझी लेक माझ्या घरी येईल. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती वीस वर्षं राहून गेलीय. वाचून तिला माझ्याकडे ठेवायचं की हॉस्टेलवर, ते तू ठरव.

तारागोनाची आपली खोली आठवते? दोघींत एक हीटर, एक कुकर, आणि अख्ख्या कॉलेजात मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच. तू मला ओढत त्या मनोरेवाल्यांच्या सरावाला नेलंस. दहीहंडी बघायला स्पेनपर्यंत कशाला यायचं, म्हणून मी कुरकुरले होते. पण तिथे वर हंडीच नव्हती. माणसांच्या सात थरांवर एक चिमुरडी चढायची, हात वर करायची आणि उतरायची, बस्स. तू त्यावरच भाळलीस. कमरेला तो लांब काळा पट्टा गुंडाळायला दोघी लागायच्या. मी टोक ताणून धरायचे, तू गिरक्या घेत यायचीस आणि इतकी हसायचीस की पट्टा सैल पडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आपली जागा तळाच्या गर्दीत. मान खाली, हात पुढच्याच्या पाठीवर, मागच्याचा रेटा आपल्या पाठीवर. वरचं काही दिसायचं नाही. सनईसारखं ते वाद्य वाजायचं, त्याच्या सुरावरून थर किती चढले ते कळायचं. अनोळखी माणसांना इतकं चिकटून मी कधी उभी राहिले नव्हते, आणि नंतर इतकं सुरक्षित मला कुठेच वाटलं नाही. इथे शेजाऱ्याला हाय करायलाही गाडीची काच खाली करावी लागते.

मग सप्टेंबरात सांता टेक्लाचा सण आला. नगरपालिकेसमोरचा चौक माणसांनी फुलला होता. तू माझ्या पुढे, माझे दोन्ही तळवे तुझ्या पाठीवर. सहावा थर चढत असताना मनोरा थरथरला आणि कोसळला. वरच्या मुलीच्या हनुवटीला चार टाके पडले, हेल्मेट होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं. मनोरे पडतातच, यात कुणाचा दोष नाही, असं त्यांच्या प्रमुखांनी सगळ्यांना सांगितलं. तू मात्र मीच हलले, मीच हलले म्हणत रडत राहिलीस. मी तुला जवळ घेतलं, पाणी दिलं आणि गप्प बसले. त्यानंतर तू सरावाला कधीच आली नाहीस. मी जात राहिले, याची मला आजही लाज वाटते.

उल्के, तू आपणहून हलली नव्हतीस. त्या रेटारेटीत माझा पाय शेजारच्या आजोबांच्या पायाला लागला. पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, ही आपली लहानपणापासूनची सवय. विचार करायच्या आत माझा उजवा हात तुझ्या पाठीवरून निघाला, आजोबांच्या दंडाला लागून माझ्या कपाळाकडे गेला. तेवढ्यात तू मागे झुकलीस, कारण मागे आधारच नव्हता. संस्कार दाखवायला वेळ तरी कुठली निवडली बघ. एका हाताने मनोरा पडतो की नाही, देव जाणे. पण तू का डगमगलीस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

आत्ताच का सांगतेय? परवा आश्लेषा व्हिडिओ कॉलवर होती. इथल्या नाटकाच्या ग्रुपमध्ये तिला जायचंय, पण धीर होत नाही म्हणाली. का, तर "मावशी, आई म्हणते ज्या जागेवर दुसऱ्यांचा भार येतो तिथे उभी राहू नकोस. आपण डगमगणाऱ्यातल्या, हे तिच्या डोक्यात फिक्स आहे यार." मला वाटत होतं, तू ते सारं केव्हाच विसरलीस. तू तर ते लेकीच्या बॅगेत भरून देते आहेस. माझ्यावर हवं तेवढं रागव, तो तुझा हक्क आहे. पण तिचं विमान सुटायच्या आधी तिला जवळ बसव आणि सांग, तिची आई जागेवर पक्की उभी होती. हात सुटला तो नेत्रामावशीचा.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझीच
नेत्रा