विहीणबाईंची चप्पल

हुडकेश्वर, नागपूर
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

आदरणीय विहीणबाई अंजनाबाई यांना कौसल्याचा सविनय जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत, तुमच्याकडेही सगळे बरे असतील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मधुकरराव व्याह्यांना जय भीम सांगा. पितृपक्ष लागला, आता नवीन ब्लाउज शिवायला कोणी येणार नाही, तेव्हा मशीन झाकून लिहायला बसले. माझ्या पोराचं, धम्मानंदचं, खाली लिहिते.

कालपासून तुम्हाला फोन करते आहे, तुम्ही उचलत नाही. एका परीने बरंच झालं. तुमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवून बोलायची सवय, आणि हे सगळ्या घराला ऐकवण्यासारखं नाही.

तर मुद्द्याचं. तुमची चप्पल माझ्याकडे आहे.

काल कामठी रोडच्या विहारातल्या हॉलमधून तुम्ही घाईने उठून गेलात, तेव्हा पायात घातलीत ती चप्पल माझी होती. मरून पट्ट्याची, माझ्या लेकीने, दीक्षाने, मला घेऊन दिलेली. बैठक संपल्यावर दारात एकच जोड उरला, तपकिरी, माझ्या पायाला मोठा. तो फटक फटक वाजवत मी हुडकेश्वरपर्यंत आले. लग्नात मानपानाच्या साडीचा काठ बारीक निघाला म्हणून तुम्ही तोंड फुगवलं होतं, त्याची फिटंफाट झाली असं मी समजते.

तुम्ही मला पाहिलंत, मीही तुम्हाला पाहिलं. मी तेव्हा बोलत होते. "माझा मुलगा" एवढंच म्हटलं आणि दाराजवळ बसलेल्या नव्या बाईच्या तोंडावरचा पदर सरकला, तर तुम्ही. मग तुम्हाला पळता भुई थोडी झाली. माझा पहिला विचार असा की आता तुमच्या पारशिवनीभर बोभाटा होईल आणि दीक्षाला टोमणे ऐकावे लागतील. घरी पोचता पोचता दुसरा विचार आला. ज्यांच्या घरी कोणी दारूत बुडालं आहे किंवा कोणाचं मन आजारी आहे, त्या घरच्या माणसांची ती बैठक. तिथे रस्ता चुकून कोणी येत नाही. मग अंजनाबाई तिथे काय करत होत्या?

संध्याकाळी दीक्षाचा फोन आला. "आई, आमच्या सासूबाई तुयी चप्पल घालून कशा आल्या?"

मी म्हटलं, असल्या चपला बाजारात ढिगाने मिळतात.

"अंगठ्यापाशी काळ्या दोऱ्याचा टाका तुयाच हातचा आहे. मले शिकवू नको." मग म्हणाली, "त्या विहारात तू कोणासाठी जाऊन राहिली वं?"

म्हणजे ते ठिकाण तिला ठाऊक होतं. तुम्हाला तिथे तिनेच धाडलं होतं. मग तिने प्रेमानंदचं सांगितलं. जावईबापू कामावरून सुटले की परस्पर दारूचं दुकान गाठतात, आणि सकाळी त्यांच्या साहेबाला "त्याले ताप आहे" म्हणून फोन तुम्ही करता.

मला राग आला, अंजनाबाई. अजून आहे. माझी पोर इतके महिने फोनवर हसून बोलत होती. मी तिला सांगितलं, बॅग भर, मी न्यायला येते. ती म्हणाली, "आता नाही येत. सासूबाई या गोष्टीसाठी पहिल्यांदा घराबाहेर निघाल्या. त्या जात राहिल्या तर मी राहीन. त्यांनी सोडलं तर मले एकटीले हे झेपत नाही, मग ये न्यायले." तुमच्या तोंडावर ती हे बोलणार नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आता माझं. धम्मानंद हैदराबादला नोकरीला नाही. तो आमच्याच वरच्या खोलीत आहे. मार्चमध्ये तुम्ही जेवायला आलात तेव्हाही वरच होता. जिन्यात पाय वाजले, तुम्ही विचारलंत, आणि मी भाडेकरू म्हणून सांगितलं. त्याला कोणीतरी बोलल्यासारखं ऐकू येतं. डॉक्टर आहेत, गोळ्या चालू आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून दीक्षालाही हैदराबादच सांगितलं होतं. काल खरं सांगितलं. ती रडली, मग मलाच रागावली. मला ते चाललं.

त्या हॉलमध्ये कोणी जादू करत नाही. चहा पाणचट असतो आणि रुपराव नावाचे गृहस्थ फार लांबण लावतात. पण धम्मानंद माझ्या हातचं जेवत नव्हता. जेवणात काहीतरी घातलं आहे म्हणायचा आणि मी त्याला शपथा घालत बसायचे. तिथल्या एका बाईने सांगितलं, वाद नको घालू वं, त्याच्याच ताटातून आधी तू खा. उन्हाळ्यापासून मी तसंच करते आहे. आजार गेला नाही. पोरगं जेवतं. एवढी गोष्ट मला माहेरच्या-सासरच्या कोणी सांगितली नव्हती, कारण मी कोणाला विचारलीच नव्हती.

दारू पिणाऱ्यांच्या आया-बायकाही तिथे येतात. साहेबाला तापाचा फोन करणाऱ्याही आहेत. तुम्हाला कोणी हसणार नाही. मी थोडी हसेन, ते चपलेवरून.

तुमची चप्पल मी कोणाबरोबर पाठवणार नाही. रविवारी तीच घालून येईन, तुम्ही माझी घालून या. पारशिवनीची बस तुम्हाला कामठी रोडलाच उतरवते, तेव्हा लांब पडतं असं सांगू नका. दाराजवळ बसू नका, माझ्याशेजारी बसा. माझं काल अर्धवट राहिलं ते मी बोलेन. तुम्हाला वाटलं तर बोला, नाहीतर नुसतं ऐका.

नाही आलात, तर सोमवारी मीच पारशिवनीला येईन. तुमची चप्पल तुमच्या दारात ठेवीन आणि दीक्षाला घेऊन जाईन. मला तसं यायचं नाही, अंजनाबाई. तुम्ही या.

रविवारी तुमची जागा धरून ठेवणारी,
तुमची विहीण
कौसल्या