डोरिनच्या पोटातली उत्तर दिशा

तीर्थरूप दादास,

आठ हजार मैलांवरून, आणि गुडघ्यांच्या असहकारामुळे बसल्या बसल्याच, साष्टांग नमस्कार. तुझी प्रकृती, वहिनींचे सांधे आणि उभयतांची भांडणं जोमात असतील, असं धरून चालतो.

पत्रास (टपाल वेळेत पोचायचं नाही, म्हणून फोटो काढून फोनवर धाडतोय) कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. तुझ्या भावजयीनं फ्रिजच्या दारावरचे सगळे अयस्कांत (पाठशाळेत गुरुजी ‘चुंबक’ म्हणू देत नसत, त्यांना त्यात शृंगार दिसे) काढून डब्यात कोंडले. त्या चुंबकांनी धरून ठेवलेली दंतवैद्याची तारीख आणि तुझं दिवाळीचं पत्र आता जमिनीवर लोळताहेत. का, तर येत्या मंगळवारी माझ्या छातीत तुझ्यासारखाच पेसमेकर बसणार. डॉक्टर म्हणाला, चुंबक वीतभर लांब ठेवा. आमच्या घरी त्या वितीचं योजन झालं. एकोणीस वर्षं सहावीला चुंबकत्व शिकवणाऱ्याला चुंबकच वर्ज्य!

तेव्हा मंगळवारच्या आत धडा उरकावा म्हणून वर्ग घेऊन लॉयल झुर्गीच्या गोठ्यात गेलो (त्याची हॅटी माझ्या वर्गात आहे, शिवाय विस्कॉन्सिनच्या या भागात सहलीला गोठ्याखेरीज जवळ काही नाही). गायींच्या रांगेत उभं राहून, तळहातावर होकायंत्र धरून, पुस्तकातलं वाक्य मंत्रासारखं म्हटलं: पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक, म्हणून सुई कुठेही नेली तरी उत्तरेकडेच वळते. सुई वळली. डोरिन नावाच्या गायीकडे. मी गायीच्या पलीकडे गेलो. सुई गर्रकन फिरून पुन्हा डोरिनकडे. पृथ्वीची अब्रू राखावी म्हणून मी होकायंत्र झटकलंही.

“सर, उत्तर दिशा डोरिननं गिळली!” हॅटी ओरडली.

तिचा बाप दूध काढायच्या यंत्राची नळी हातात घेऊनच आला. “काय मास्तर, एकोणीस वर्षं इथलं चीज खाताय आणि एवढं ठाऊक नाही? गवताबरोबर खिळे, तारा काय वाटेल ते गिळतात या पोरी. पोटाला लागूनच काळीज. तार टोचली की खेळ खलास. म्हणून कालवडीलाच बोटभर चुंबक गिळायला लावतो. जन्मभर पोटात बसून लोखंड धरून ठेवतो तो. आणि आत आहे की नाही ते होकायंत्र लावूनच बघतो. तुम्ही तर छान तपासलीत!”

एवढ्यात हॅटीनं माझ्या पेसमेकरची बातमी फोडली. लॉयल गंभीर झाला. “मग डोरिनपासून लांब राहा, मास्तर. तशीही ती तुमच्यावर खूश नाही.”

चाचणीत हॅटीनं लिहिलं: ‘सुई उत्तरेकडे वळते, जवळ डोरिन नसल्यास.’ पुस्तकापेक्षा हे खरं, म्हणून पूर्ण गुण दिले.

तुझा धाकटा,
भालू

ता. क. तुझ्या घरचा फ्रिज नखशिखान्त चुंबकांनी मढलेला आहे आणि तू ठणठणीत आहेस, हे भावजयीला कळव.

पुन्हा ता. क. सहा वर्षांपूर्वी तुला पेसमेकर बसला, तेव्हा मी ‘यंत्रपुरुषाष्टक’ रचून पाठवलं होतं. आठही श्लोक तुझी टिंगल करणारे. तुला कसं वाटतंय, हे विचारलंच नाही. हृदय विजेच्या इवल्याशा ठिणगीवर चालतं, हे मी दरवर्षी पोरांना हसत सांगतो. यंदा ते वाक्य मी गाळून पुढे गेलो. डोरिनला चुंबक भरवताना कुणी विचारलं नसेल, पण तुला विचारतो: आदल्या दिवशी भीती वाटली होती का रे? मला वाटते आहे. सोमवारी फोन कर.