हात धुऊन वळलेले लाडू

निपाणी, १९ जुलै १९३८

तीर्थस्वरूप सौ. आक्काताईस,

तम्मण्णाचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्राच्या डोक्यावर श्री घातलेली नाही, ती विसरून नव्हे.

जोतिरामअण्णाचं तेरावं काल उरकलं. शेवटचे दोन दिवस खोकल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. त्याआधी एकदाच म्हणाला, की तंबाखूच्या धुळीत तू पाय ठेवू नकोस, कापडाचं दुकान सोडू नकोस. मी होय म्हटलं. तंबाखूच्या वखारीतली त्याची खोली मालकाने दिवाळीपर्यंत मला राहायला दिली आहे. अण्णाचे दोन्ही सदरे, धोतर, अंथरूण सोडा घालून धुतलं आणि घडी करून ठेवलं. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

आईला तू अजून सांगितलं नाहीस, हे बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही. तिची तब्येत कळवावी. धाकट्याची आठवण असू द्यावी.

तुझा तम्मण्णा

शहापूर, २३ जुलै १९३८

चि. तम्मण्णास आक्काचे आशीर्वाद.

डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, की आईचं काळीज फार नाजूक झालं आहे, महिनाभर कसलाही धक्का बसता कामा नये. म्हणून घरात सगळ्यांनी तोंड शिवून घेतलं आहे. पण नागपंचमी आली. जोतिरामचे खोबऱ्याचे लाडू दर पंचमीला येतात, आणि ती आतापासूनच विचारते आहे. काल म्हणाली, की औंदा तरी लाडवाला तंबाखूचा वास नसू दे, आठ वर्षं सांगते हात धू म्हणून, पण ते गाढव लई हट्टी. आणि हसत सुटली. मला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं.

लाडू तू करून पाठव. तुला साधा भाताचा गोळा वळता येत नाही हे मी जाणते, पण वेळ निभावून ने. जेवणाची हेळसांड करू नकोस, माझी शपथ आहे.

आक्का

निपाणी, २९ जुलै १९३८

तीर्थस्वरूप आक्कास सा. न.

लाडू केले. वखारीत विस्तव पेटवायला बंदी, म्हणून अण्णा बिनविस्तवाचेच करायचा. मी नुसता बघत बसायचो, ते आता कामाला आलं. सुकं खोबरं दोन वाट्या किसलं, त्यात डाळ्याचं पीठ, किसलेला गूळ आणि चार वेलदोडे. पहिले लाडू फुटले. गूळ पुन्हा बारीक करून बराच वेळ मळला, तुपाचा हात लावला, तेव्हा जमले. एकवीस झाले, सगळे एकसारखे.

आईची तक्रार ध्यानात ठेवून साबणाने तीनदा हात धुतले. अण्णाचाच डबा आहे, तोही राखेने लख्ख घासला. सुतक फिटलं तरी आम्ही गोड करावं का, हे विचारायला इथे कुणी नाही. चुकलं असेल तर माझ्या माथी. डबा भरमूच्या शहापूरच्या मोटारीने येईल.

लोभ आहेच, तो उणा होऊ नये.

तम्मण्णा

शहापूर, ३ ऑगस्ट १९३८

चि. तम्मण्णास आशीर्वाद.

आईला कळलं. कुणी सांगितलं नाही.

पंचमीला तिच्या हातावर लाडू ठेवला. तिने तो नाकाशी नेला आणि तसाच धरून बसली. मग विचारलं, की हात धुऊन केलेत का. मी म्हटलं, व्हय, औंदा जोतीने तुझं ऐकलं. ती म्हणाली, की तो ऐकणारा न्हवं. थोड्या वेळाने विचारलं, कोणता वार होता. मी बुधवार म्हणाले. अग्नी कुणी दिला, विचारलं. तुझं नाव सांगितलं. पोरगं एकटंच होतं की, एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. श्वास चालू आहे. रडली नाही, अन्न घेत नाही.

डबा रिकामा परत करू नये म्हणून मी काल त्यात साखर घालायला गेले, तर तिने हात धरला. डब्यात तोंड घालून वास घेतला. राखेचा येतो म्हणाली. जोतीचा न धुतलेला सदरा असेल तर तम्माला या डब्यातून पाठवायला सांग, म्हणाली. सदरे तू धुतलेस हे मला ठाऊक आहे, पण तिला सांगायला जीभ रेटत नाही. मोटारीच्या वेळेला उठून उंबऱ्याशी बसते. तेवढ्यापुरतीच उठते.

तुझा दोष नाही. मीच मागवले होते. काय करायचं ते तू लिही.

आक्का

निपाणी, ९ ऑगस्ट १९३८

तीर्थस्वरूप आक्कास सा. न.

डबा पोचला. खोलीत सगळं शोधलं. मी काही शिल्लक ठेवलेलं नाही. उशीचा अभ्रासुद्धा धुतला आहे.

काल कापडाचं दुकान सोडलं. वखारीच्या मालकाने मला अण्णाच्या जागेवर घेतलं आहे, तंबाखू चाळायला. अण्णाला होय म्हटलं होतं, ते मोडलं. आईला हे कळू देऊ नये. तिला सांग, की सदरा सापडला, तम्मण्णा गणपतीच्या चवतीला स्वतः घेऊन येतो, तोवर दोन घास खात जा.

चवतीला अजून वीस दिवस आहेत. तेवढ्यात मी अंगात घातलेला अण्णाचा सदरा वास धरेल, असं इथले लोक म्हणतात. येताना हात धुणार नाही.

खोकला अद्याप नाही. काळजी नसावी.

तम्मण्णा